अजिंठ्याचा निळा

घोटीच्या भातगिरण्यांबाहेर तुसाचे ढीग कुणालाही दिसतील. मातीची भिंत लिंपताना गाऱ्यात हे तूस कालवतात, म्हणजे गिलावा वाळताना तडकत नाही. अजिंठ्याच्या चित्रांच्या पाठीशी असंच भाताचं तूस आहे. ती चित्रं थेट दगडावर नाहीत. दगडावर मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर सरसात कालवलेला रंग.

रंग बहुतेक घरचेच. गेरू, पिवळी माती, काजळी. हिरवा तर तिथल्याच काळ्या पाषाणात सापडणाऱ्या खनिजाचा. निळा मात्र पाहुणा. तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला. उर्दूत आम्ही त्या दगडाला लाजवर्द म्हणतो. इंग्रजीतलं ‘अझूर’ याच शब्दाचं लेकरू. मी कवितेत हा शब्द सढळ हातानं वापरला आहे. पण पाचव्या शतकात हा दगड वाघूर नदीकाठी पोचला होता, हे रसायनशास्त्रानं सांगितलं.

ते कसं कळतं? रंगावर क्ष-किरण टाकले की त्यातली बरीच मूलद्रव्यं आपापली खूण परत पाठवतात. चित्र खरवडावं लागत नाही. निळ्यात तांबं सापडलं तर तो तांब्याच्या खनिजाचा. लाजवर्दाच्या निळाईला तांबं लागत नाही, ती गंधकामुळे येते. पिवळ्याधमक गंधकानं निळाई द्यावी, ही गंमतच!

हा नुसता विद्वानांचा शौक नव्हे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारनं चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्याला बोलावलं. सुटू लागलेला गिलावा त्यांनी धरून ठेवला, हे उपकारच. पण चित्रांवर त्यांनी चपड्याचं रोगण फिरवलं. आपले सुतार लाकडाला देतात तोच चपडा. वर्षं गेली तसा तो पिवळा-तपकिरी पडला, आणि पिवळ्या पडद्याआडून निळंही हिरवट दिसतं. नकलांवर भागवावं, तर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या.

म्हणजे चपडा काढायलाच हवा. पण त्याखाली रंग कशानं धरला आहे, हे आधी कळायला हवं. बामियानच्या काही लेण्यांतल्या रंगांत वाळणारं तेल असल्याचं योको तानिगुची या जपानी संशोधिकेनं आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं. तेलाचा रंग पाण्याला सहसा दाद देत नाही. सरसाचा रंग ओल्या बोळ्यानंही निघून येतो. म्हणून आधी तपासणी, मग कापसाचा बोळा, तोही बोटभर जागेवर. फिरवायचा, उचलायचा, बघायचा. बोळ्यावर पिवळट आलं तर तो चपडा. तांबडं दिसलं की हात तिथंच थांबवायचा.