पावसानं घरी बसवलेली मुलं

आमच्या लहानपणी कराडात आषाढ लागला की घरोघर एकच दम ऐकू यायचा, "घाटाकडं फिरकलास तर बघ!" कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन मिळतात, म्हणून त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात, पण पावसाळ्यात त्या भेटीत प्रीती कमी आणि धसमुसळेपणाच जास्त. गढूळ पाणी एकेक पायरी गिळत वर यायचं आणि ते बघायला आमचे पाय शिवशिवायचे. आमच्या गल्लीतला एक मुलगा असाच गेला, तो परत आला नाही. त्यानंतर आईनं आम्हा भावंडांना दम देणं सोडलं आणि हाताला काम द्यायला सुरुवात केली.

पहिलं काम मातीचं. आपल्याकडे बेंदूर आषाढी पौर्णिमेच्या सुमारास येतो. कुंभाराकडची बैलजोडी पूजेला यायचीच, पण आम्हाला आमची स्वतःची हवी असे. रानातली काळी माती आणून बैल केला की दोन दिवसांत तो पोटाशी तडकायचा. शिंगं तर त्याआधीच गळायची. दोष हाताचा नव्हे, मातीचा. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळताना आकसते; उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या त्यामुळेच. आईनं चुलीतली राख चाळून मिसळायला लावली. कुंभारही मातीत राख, लीद घालतो ती त्यासाठीच. शिंगांच्या आत खराट्याची काडी, पाय आखूड आणि जाड, आणि वाळवायचं ते सावलीत, सावकाश. आता चूल नसेल तर बारीक चाळलेली वाळू चालते. दुकानात डबीतली रंगीत माती मिळते. ती तडकत नाही हे खरं, पण मग राख शोधायची वेळच येत नाही.

होड्यांबद्दल नव्यानं काय सांगायचं? साधी होडी, नांगरहोडी सगळ्यांना येते. एवढंच, की घडी घालण्याआधी कागदावर मेणबत्ती घासली तर होडी पन्हाळीच्या पाण्यात बराच वेळ टिकते. चिंचोके, सागरगोटे, काचाकवड्या यांचं तसंच; घरात कुणी खेळणारं मोठं माणूस असेल तर मुलं आपोआप शेजारी येऊन बसतात. दिवे गेले की भिंतीवर सावल्यांचा ससा आणि हरीण होतंच.

मला स्वतःला आवडतो तो पाऊस मोजण्याचा उद्योग. पावसाळ्यात आपल्या भागातली वर्तमानपत्रं कोयना, नवजा, महाबळेश्वर इथल्या पावसाचे आकडे छापतात आणि धरणात किती टीएमसी पाणी झालं तेही. कोयनेची क्षमता 105.25 टीएमसी, हे कराडातल्या पोरालाही पाठ असतं, कारण तिथून सोडलेलं पाणी आपल्याच दारावरून जातं. मग आपल्या गच्चीवरचा पाऊस किती? तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचं, सपाट बुडाचं भांडं उघड्यावर ठेवायचं आणि रोज ठरावीक वेळी आत पट्टी धरायची. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. नातीनं हिशेब केला : दहा बाय दहा फुटांची गच्ची, पाऊस 25 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 232 लिटर, पंधरा लिटरच्या पंधरा बादल्या भरून वर थोडं. "आणि हे सगळं गटारात?" असं तिनं विचारलं तेव्हा तिच्या वडिलांकडे उत्तर नव्हतं.

टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याच्या वाटेवर अरविंद गुप्तांनी मोठं काम करून ठेवलं आहे. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर ते त्रिकोण, चौकोन, घनाकृती उभ्या करतात. काड्यांचा गूल आधी खरवडून टाकावा. चौकोन बोटानं दाबला की वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. पुलाला आणि छपराच्या कैचीला त्रिकोण का, ते मुलाच्या बोटाला कळतं. त्यांना 2018 साली पद्मश्री मिळाली.

ऑगस्ट 2019च्या महापुरात, नागपंचमीच्या सुमारास, नदीकाठचं एक ओळखीचं कुटुंब आमच्याकडे राहायला आलं. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. खिडकीशी उभा राहून पाऊस बघायचा. फडताळात बेंदराचे आमचे बैल होते, ते मी त्याच्यापुढे ठेवले. त्यानं हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्यादेखत माती मळायला बसले, काही न बोलता. थोड्या वेळानं शेजारी येऊन त्यानं विचारलं, "राख कशाला घालताय?"

पाणी उतरल्यावर ती मंडळी घरी गेली. घरात वीतभर गाळ होता. आई-बाप घमेली उपसत असताना पोरानं त्याच गाळाचा एक बैल केला आणि पायरीवर ठेवला. आठवड्यानं मी गेले तेव्हा तो बैल तडकलेला होता. पुढच्या खेपेला राख जास्त लागेल, असं त्यानं मला सांगितलं.