मशेरीची डबी

दिवाळी म्हटली की चकली, कडबोळी आणि अनारसे आठवतात. पण ते चावायला दात लागतात, हे मात्र बहुधा दात गेल्यावरच आठवते! म्हणून ऐन फराळाच्या दिवसांत दातांचा विषय काढला, तर वाचकांनी रागावू नये. कारण हा विषय एका लहानशा डबीचा आहे, आणि ती डबी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात, मोरीवरच्या कोनाड्यात, आजही असेल.

कोल्हापूरहून निपाणी जेमतेम चाळीस किलोमीटर. विडीच्या तंबाखूची ती नावाजलेली पेठ. साहजिकच या भागात तंबाखू ही परकी वस्तू राहिलेली नाही. लोखंडी तव्यावर ती काळी होईपर्यंत भाजायची, चुरून पूड करायची, की झाली मशेरी. कोणी तिला मिसरी म्हणतात. पुरुषाचे व्यसन चव्हाट्यावर दिसते. बाईचे व्यसन मोरीपाशी, पहाटे, कोणी उठण्यापूर्वी उरकले जाते. म्हणून ते व्यसन आहे, हेच घरात कोणाच्या ध्यानात येत नाही.

सुरुवात बहुधा दुखण्यातून होते. "दात शिवशिवत्यात गं, एवढीशी लावली की बरं वाटतंय," असे कोणी आत्याबाई सांगतात आणि चिमूटभर पूड सुनेच्या तळहातावर ठेवतात. बरे वाटते हे खोटे नव्हे. पण मशेरीतले निकोटिन हिरड्यांवाटे रक्तात जाते, आणि काही दिवसांतच ते न मिळाल्यास डोके जड होते, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. मग एकदाची मशेरी दोनदा होते, दोनदाची चारदा. दात घासण्याचे निमित्त उरते. घासली जाते ती तलफ!

इकडे तोंडात काय चाललेले असते? निकोटिनने हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात. हिरडी आतून रोगट असली तरी तिच्यातून रक्त कमी येते, त्यामुळे रोग लपून राहतो. हळूहळू हिरडी खाली सरकते, दातांची मुळे उघडी पडतात आणि धडधाकट दिसणारा दात हलू लागतो. गालाच्या आत किंवा हिरडीवर पुसून न जाणारा पांढरा चट्टा उठतो. अशा काही चट्ट्यांतून पुढे कर्करोग उद्भवतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक खेडुतांची तोंडे तपासली होती. त्या पाहणीचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे धोक्याची घंटा वाजून अर्धशतक उलटले. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली. पण घरच्या तव्यावर बंदी कोण घालणार?

आता खरी अडचण पुढेच आहे. एखादी बाई मनाचा हिय्या करून मशेरी सोडते. आणि आठवड्याभरात काय होते? कित्येकींच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागते, तोंड येते, दबलेला ठणका जागा होतो. घरातली वडीलधारी म्हणतात, "बघ, मशेरी होती तेच बरं होतं!" आणि डबी कोनाड्यात परत येते. वस्तुतः रक्त येते ते आखडलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होऊ लागल्यामुळे, आणि आत दडलेला रोग आता उघड झाल्यामुळे. हीच वेळ दंतवैद्याकडे जाण्याची असते. पण नेमक्या याच वेळी ती माघारी फिरते.

गर्दसारख्या भयंकर व्यसनांतही हेच घडते. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा आणि अनिल अवचट या दांपत्याने १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले, ते अशाच ग्रस्तांसाठी. गर्द वेदना बधिर करते, तोंड कोरडे पाडते, गोडाची ओढ लावते. दात किडत असतात आणि धन्याला पत्ता नसतो. नशा उतरली की सारे दात एकदम हिशेब मागू लागतात. अशा रुग्णाने आपले पूर्वीचे व्यसन दंतवैद्यापासून लपवू नये. वेदनाशामक औषधांतली काही अफूच्याच कुळातली असतात. वैद्याला कल्पना असली तर तो ती टाळतो.

मग घरच्यांनी करायचे काय? मशेरी सोडण्यापूर्वीच दात तपासून घ्यावेत आणि कीट काढून घ्यावे. मऊ ब्रश आणावा. तोंड आले तर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात. दात काढावा लागला, तर जखम भरेपर्यंत तंबाखूला शिवू नये, नाहीतर ती चिघळते. दोन-तीन आठवड्यांत न बरा होणारा चट्टा किंवा व्रण दिसला, तर छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयात दाखवावा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय दूरध्वनी विनामूल्य सल्ला देतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रागावू नये. चाळीस वर्षांची सोबत एका दिवसात तुटत नाही. डबी फेकून देणे सोपे आहे; तिच्या जागी रोज सकाळी "आज कसं वाटतंय?" असे विचारणारे कोणीतरी हवे. तेवढे झाले, तर पुढच्या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्या बाईलाही चकली दुधात भिजवून खावी लागणार नाही.