विश्लेषण : लढाऊ विमाने निवृत्तीनंतर जातात कुठे? त्यांचे जतन का महत्त्वाचे?

चंडीगडच्या हवाई तळावर २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला आणि त्यांच्या ६२ वर्षांच्या सेवेची सांगता झाली. ही विमाने बांधणाऱ्या नाशिकजवळच्या ओझर परिसरातील अनेकांचे बालपण त्यांच्याच आवाजात गेले. डोक्यावरून जाणारे विमान पाहण्यासाठी अंगणात धावणाऱ्या त्या पिढीला आपल्या मुलांना मिग-२१ दाखवायचे असेल, तर आता संग्रहालय किंवा एखादा चौकच गाठावा लागेल.

निवृत्त विमानाचे नेमके काय होते?

बहुतेक विमाने अखेर भंगारात जातात. त्याआधी उपयोगी सुटे भाग काढून घेतले जातात. काही विमाने तांत्रिक प्रशिक्षण संस्थांना अभ्यासासाठी मिळतात, तर काही हवाई तळांच्या प्रवेशद्वारांपाशी, सैनिकी शाळांत किंवा शहरांच्या चौकांत उभी राहतात. संग्रहालयात पोहोचतात ती मोजकीच. विमान बाहेर देण्यापूर्वी शस्त्रे, इंधन आणि संवेदनशील उपकरणे काढली जातात. वैमानिकाला आसनासह बाहेर फेकणाऱ्या यंत्रणेत स्फोटक काडतुसे असतात. ती निकामी केल्याशिवाय कॉकपिटमध्ये कोणाला बसवणे जिवावर बेतू शकते.

भारतात ही विमाने कुठे पाहता येतात?

दिल्लीतील पालम येथे १९६७ पासून हवाई दलाचे संग्रहालय आहे. १ एप्रिल १९३३ रोजी हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली, ती चार वापिती विमानांवर. जगात उरलेले एकमेव वापिती पालमला आहे. हरिकेन, स्पिटफायर, नॅट, मारुत अशी विमानेही तिथे आहेत. गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ १९९८ पासून नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर यांच्याबरोबर तिथे चार इंजिनांचे सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे. एअर इंडियाचे प्रवासी, हवाई दलाचे आणि शेवटी नौदलाचे टेहळणी विमान असा त्याचा प्रवास झाला. बंगळूरुत हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे संग्रहालय आहे, तर विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर नौदलाचे अजस्र टीयू-१४२ विमान आतूनही पाहता येते.

परदेशांतील संग्रहालयांत भारताची विमाने कशी?

दुसऱ्या महायुद्धात लिबरेटर ही बॉम्बफेकी विमाने १८ हजारांहून अधिक बांधली गेली. युद्ध संपताच जगभर ती मोडीत निघाली. मायदेशी परतणाऱ्या फौजांनी कानपूरला सोडलेली, मुद्दाम नादुरुस्त केलेली लिबरेटर मात्र तेव्हाच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी दुरुस्त केली. अशी सुमारे ४० विमाने हवाई दलाने १९६८ पर्यंत वापरली. तोवर इतरत्र हे विमान जवळपास दिसेनासे झाले होते. त्यामुळे आज ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा येथील संग्रहालयांत जपलेली काही लिबरेटर भारतातून गेलेली आहेत. त्या देशांतल्या मुलांना आजोबांचे विमान पाहायला मिळते, ते कानपूरच्या त्या दुरुस्तीमुळे!

महाराष्ट्राने काय गमावले?

१९९७ मध्ये निवृत्त झालेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका मुंबईत काही वर्षे तरंगते संग्रहालय होती. १९७१ च्या युद्धात जिच्यावरून सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव, कॉक्स बाजारवर हल्ले चढवले, त्या नौकेवर प्रत्यक्ष चालण्याची संधी असंख्य शाळकरी मुलांना मिळाली. २०१२ मध्ये संग्रहालय बंद झाले आणि २०१४ मध्ये नौका भंगारात काढण्यात आली. तिच्या पोलादाचा काही अंश पुढे एका मोटारसायकलीत वापरला गेला. ‘विराट’चे संग्रहालय सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळ करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजुरी दिली. पण २०२० मध्ये तीही गुजरातमधील अलंगला तोडणीसाठी गेली.

जतन करणे अवघड का असते?

विमान वजनाला हलके, म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे असते. उघड्यावर ठेवल्यास सांध्यांत पाणी साचते आणि पत्रा आतून पोखरला जातो. किनाऱ्यावर खारी हवा हे काम आणखी वेगाने करते. उन्हाने कॉकपिटचे पारदर्शक आवरण धुरकट होते, टायर तडकतात. वरून रंगाचा हात मारल्याने विमान नवे दिसते, पण आतला गंज थांबत नाही. महायुद्धकालीन विमानांत आणखी एक अडचण असते. अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांना रेडियमचा रंग असल्याने त्या काळजीपूर्वक हाताळाव्या लागतात. छताखालची जागा, प्रशिक्षित माणसे आणि दरवर्षीचा निधी यांना पर्याय नाही.

जुनी विमाने उडवावीत का?

भारतीय हवाई दलाच्या ताफ्यात टायगर मॉथ, हार्वर्ड आणि डाकोटा ही जुनी विमाने उडण्याजोगी करण्यात आली. ब्रिटनमध्ये दुरुस्त झालेले ‘परशुराम’ हे डाकोटा २०१८ मध्ये भारतात आले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैनिक उतरवणारी विमाने याच जातीची. उडणाऱ्या इंजिनाचा आवाज काचेआडच्या प्रदर्शनातून मिळत नाही, हे खरे. पण धोकाही खरा आहे. अमेरिकेत डल्लास येथे नोव्हेंबर २०२२ मध्ये हवाई प्रात्यक्षिकांत महायुद्धकालीन दोन विमानांची टक्कर होऊन सहा जण दगावले आणि दोन्ही दुर्मीळ विमाने नष्ट झाली. म्हणूनच एकमेव उरलेले विमान जमिनीवर ठेवावे, अनेक असतील तर एखादे उडवावे, असा मध्यममार्ग सुचवला जातो.

मिग-२१ बाबत पुढे काय?

हवाई दलाने सहा दशकांत ८०० हून अधिक मिग-२१ वापरली, त्यामुळे चौकांसाठी विमाने कमी पडणार नाहीत. मात्र चौथऱ्यावरच्या विमानाखाली बहुधा केवळ नाव असते. ते कोणत्या तुकडीत होते, कोणत्या युद्धात उडाले, ओझरला बांधले गेले की रशियातून आले, हे नोंदवहीतूनच कळते. ती नोंदवही विमानासोबत जपली, तर पाहणाऱ्या मुलाला त्याचा इतिहासही कळेल. नाहीतर ते चौकातले आणखी एक शिल्प ठरेल.