सूर्यप्रकाशाचा टेकू

माहीमच्या किनाऱ्यावर अंधाऱ्या रात्रीं बसलें म्हणजे सातपाटीकडील होड्यांचे दिवे दूर समुद्रांत दिसतात. त्यांतील एखाद्या दिव्यापुढून चिलट गेलें, तर आपणांस येथून कळेल काय? आम्हीं हें विचारतांच आमचा नातू हंसला. परंतु परक्या सूर्यांचे ग्रह शोधण्यासाठीं अमेरिकेनें मार्च २००९ मध्यें अंतराळांत सोडलेल्या ‘केप्लर’ दुर्बिणीचें काम याच जातीचें होतें.

सूर्याएवढ्या ताऱ्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला, तर ताऱ्याचें तेज १२,००० भागांत सुमारें एका भागानें घटतें, तेंहि कांहीं तासच. दुर्बीण किंचित् डळमळली, कीं घटलेलें तेज ताऱ्याचें कीं आपलाच हात हलला, हें कळेनासें होतें. विल्यम बोरुकी यांची ही योजना चार वेळां परत फिरून २००१ सालीं मंजूर झाली, हें येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

दुर्बीण स्थिर ठेवण्यास चार फिरतीं चाकें दिलेलीं होतीं. पैकीं तीन तरी चालू हवींत. जुलै २०१२ मध्यें एक बंद पडलें, मे २०१३ मध्यें दुसरें. कोट्यवधि मैलांवर कारागीर कसा धाडावा?

तेव्हां अभियंत्यांनीं काढिलेली युक्ति आम्हांस फार आवडते. सूर्यप्रकाशालाहि यत्किंचित् दाब असतो, आणि तोच आतां दुर्बिणीस कलवीत होता. तिच्या अंगावरील सौरफलक कौलारू छपराप्रमाणें दोहों बाजूंस उतरते आहेत. मधलें आढें नेमकें सूर्याकडे धरलें, कीं दोन्ही पाख्यांवर पाऊस सारखाच पडावा तसा दाब सारखा बसतो, आणि घर कलत नाहीं. बाकीचा तोल उरलेल्या दोन चाकांनीं सांभाळावयाचा. मात्र अशा रीतीनें राशिचक्राचा पट्टाच तेवढा पाहतां येई, आणि सुमारें ८० दिवसांनीं तोंड फिरवावें लागे. रोज पंचांग उघडणाऱ्या आमच्या वाचकांस त्या राशि नव्या नाहींत!

त्यांपैकीं कर्क राशींत अशा रीतीनें दिसलेल्या एका संशयित ग्रहाचें वजन अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेनें अबूच्या पहाडावरील दुर्बिणीच्या साह्यानें काढिलें. २०१८ सालीं निकाल प्रसिद्ध झाला: ग्रह पृथ्वीच्या सुमारें २७ पट जड, सहापट रुंद, आणि त्याचें वर्ष अवघें साडेएकोणीस दिवसांचें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत केप्लरचें इंधन संपलें. तोंपर्यंत तिच्या पदरीं २,६०० हून अधिक ग्रह जमा झाले होते.

साडेएकोणिसास बारांनीं भागून नातवानें आम्हांस सांगितलें, कीं त्या ग्रहावर सबंध श्रावण आपल्या दीड दिवसाच्या गणपतीएवढा.