उतारवयात पुण्यास येताना : नवे घर, मुलांचे साहाय्य आणि नवा धर्मग्राम

पुणे शहरातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास बाहेरगावाहून आलेल्या माणसांपासूनच सुरू होतो. पेशव्यांच्या सैन्यात चाकरीस असलेल्या ख्रिस्ती लोकांसाठी सवाई माधवरावांनी जागा दिली आणि १७९२ साली नाना पेठेतील निष्कलंक गर्भसंभव मातेच्या चर्चची सुरुवात झाली. आज आपण त्यास ‘सिटी चर्च’ म्हणून ओळखतो. पुढे पुणे आणि खडकीच्या छावण्यांमुळे लोक आले. १९६० नंतर पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी आणि अलीकडे हिंजवडी, खराडी येथील संगणक व्यवसायाने महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातील तरुण कुटुंबांना येथे आणले.

या तरुणांमागोमाग आता त्यांचे आईवडील येत आहेत. नागपूर, अमरावती, श्रीरामपूर किंवा कोल्हापूर येथे सारे आयुष्य काढलेले जोडपे साठी-सत्तरीनंतर तेथील घर आवरते आणि मुलगा किंवा मुलगी राहते म्हणून पुण्यास येते. मुले प्रेमाने बोलावतात, घर शोधतात, सामान हलवितात, पैशाचीही मदत करतात. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ज्या घरात ती दोघे चाळीस वर्षे यजमान होती ते सोडून ती नव्या शहरात आयुष्यभराची पाहुणी होऊन बसणार नाहीत, याची काळजी आधीच घ्यावी लागते. कुटुंबाची मदत कशी असावी, हा म्हणूनच या लेखाचा विषय आहे.

निर्णय दोघांचा असावा

अनेकदा एखाद्या आजारपणानंतर घाईने निर्णय होतो. मुले म्हणतात, “आता तिकडे एकटे राहू नका,” आणि दोन महिन्यांत जुने घर विकलेही जाते. असे करू नये. प्रथम जुने घर तसेच ठेवून पुण्यात किमान तीन महिने राहून पाहावे. शक्य असल्यास त्यात पावसाळ्याचा काही काळ यावा, कारण घराची ओल, बंद पडणारी लिफ्ट आणि रस्त्यावरून चालण्याची अडचण तेव्हाच कळते. भाड्याच्या घरात राहायचे ठरल्यास भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे.

या काळात पतीचे मत वेगळे व पत्नीचे वेगळे विचारावे. वडिलांना उद्यानात मित्र मिळतात. आईचा दिवस मात्र नव्या स्वयंपाकघरात एकटीने जातो, असे घडू शकते. उलटही घडते. दोघांनी मनापासून होकार दिला तरच पुढचे पाऊल टाकावे. सूनबाईंचे किंवा जावईबापूंचे मतही याच वेळी मोकळेपणाने ऐकावे, कारण रोजच्या मदतीचा मोठा भार बहुधा त्यांच्यावरच पडणार असतो.

घर कोणाच्या नावावर?

सर्वात जास्त दुःख येथूनच निर्माण होते. समजा, नागपूरचे घर विकून आलेले पैसे पुण्यातील मोठ्या सदनिकेत घातले आणि करारनामा केवळ मुलाच्या नावे झाला. कोणाच्याही मनात कपट नसते. तरीही कागदोपत्री त्या आईवडिलांचे आता स्वतःचे घर उरलेले नाही. पुढे मुलाची बदली झाली, कर्ज थकले किंवा त्याचे अकाली निधन झाले, तर त्यांची बाजू दुबळी पडते. म्हणून ज्यांचे पैसे गुंतले आहेत त्यांची नावे करारनाम्यात असावीत आणि शक्य तर प्रत्येकाचा हिस्साही नमूद असावा. जुने घर विकून झालेल्या नफ्यावरील आयकराची सवलत घेण्यासाठी नवे घर विक्रीनंतर दोन वर्षांत खरेदी करावे लागते किंवा तीन वर्षांत बांधावे लागते. ते विकणाऱ्याच्याच नावे असणे या दृष्टीनेही हिताचे आहे. मुलाने आईवडिलांना किंवा त्यांनी मुलाला दिलेली रक्कम भेट म्हणून करपात्र नसते. मात्र ती बँकेतून द्यावी आणि ती भेट आहे की उसनी, हे एका साध्या पत्रात लिहून ठेवावे.

काही पालक हयातीतच बक्षीसपत्राने घर मुलांच्या नावे करतात. त्यांनी ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ जाणून घ्यावे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकते. मात्र अशी अट होती हे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या हिताचा असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावावा असे सांगितले. तरीही अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहिणे शहाणपणाचे ठरेल.

बहुतेकांसाठी मृत्युपत्र हा अधिक सुरक्षित मार्ग आहे, कारण ते हयातीत केव्हाही बदलता येते. आपणा ख्रिस्ती लोकांस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ज्यास मालमत्ता मिळणार आहे त्यास किंवा त्याच्या पतीस वा पत्नीस साक्षीदार करू नये, नाहीतर त्याला दिलेला वाटा व्यर्थ ठरतो. मृत्युपत्र नसेल आणि मागे पती किंवा पत्नी व मुले असतील, तर जोडीदारास एकतृतीयांश आणि उरलेले दोनतृतीयांश मुलगा-मुलगी असा भेद न करता समान वाटले जाते. मायबापांच्या पैशाने एकाच मुलाच्या नावे घर झाले असेल, तर दुसऱ्या भावंडांच्या मनात सल राहतो. म्हणून सर्व मुलांना एकत्र बसवून हे आधीच सांगावे.

मदतीची वाटणी

“आम्ही आहोत ना!” हे वाक्य गोड असले तरी त्यातून कोणते काम कोणी करायचे हे कळत नाही. एका कागदावर कामे लिहून त्यांच्यापुढे नावे घालावीत. सामान बांधताना कोण येणार? वाहतुकीचा खर्च कोण देणार? दवाखान्यात कोण नेणार? परदेशातील मुलगी दरमहा काय पाठविणार? ही मदत किती काळ असेल, हेही लिहावे. जवळ राहणाऱ्या एकाच भावंडावर सारे ओझे पडू लागले की काही महिन्यांतच कुरबुर सुरू होते.

सामान कमी करताना मुलांनी घाई करू नये. जुने कपाट, पितळेची भांडी, लग्नातला फोटो यांपैकी काय न्यायचे ते त्या दोघांनी ठरवावे. खोक्यांना क्रमांक देऊन यादी करावी आणि वाहतुकीचा विमा घ्यावा. औषधे, चष्मे, दागिने व मूळ कागदपत्रे ट्रकमध्ये न देता स्वतःजवळ ठेवावीत. नव्या घरी पोहोचताच प्रथम अंथरूण, स्वयंपाकाचा ओटा आणि प्रार्थनेची वेदी मांडावी. स्नानगृहात धरण्यासाठी दांडे आणि रात्रीचा दिवा पहिल्याच दिवशी बसवावा. बाकीचे सामान सावकाश लावता येते.

पत्त्याबरोबर बदलणाऱ्या गोष्टी

आधार, बँक व गॅस जोडणी यांवरील पत्ता बदलावा. मतदारयादीतील नाव नव्या मतदारसंघात नेण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो. टपाल कार्यालयातील बचत खाते नव्या भागातील कार्यालयात वर्ग करता येते. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतील निवृत्तिवेतन जानेवारी २०२५ पासून देशातील कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेतून मिळू शकते. गाव बदलल्याने आदेश एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठविण्याची गरज उरलेली नाही. हयातीचा दाखला २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ पद्धतीने संगणकावरून देता येतो, त्यासाठी जुन्या गावी जावे लागत नाही.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डाची सोय सुरू झाली. उत्पन्न कितीही असले तरी योजनेतील रुग्णालयांत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण त्यात आहे. जुन्या डॉक्टरांकडून आजारांचा व चालू औषधांचा सविस्तर कागद निघण्यापूर्वी मागून घ्यावा.

या सर्व कामांत मुलांनी मदत करावी. परंतु बँकेचे कार्ड आणि त्याचा गुप्त क्रमांक आईवडिलांच्याच हाती राहावा. स्वतःच्या पैशातून नातवाला खाऊ घेऊन देता येणे, यातही माणसाचा मान असतो.

नव्या धर्मग्रामात

कॅनन कायद्याच्या नियम १०२ प्रमाणे एखाद्या धर्मग्रामात कायम राहण्याच्या हेतूने आलेली व्यक्ती तेथे पोहोचताच तेथील रहिवासी ठरते. तीन महिने राहण्याचा हेतू असेल किंवा तीन महिने प्रत्यक्ष वास्तव्य झाले असेल, तर तात्पुरते रहिवासीपण प्राप्त होते. म्हणजे पुण्यात आलेल्या जोडप्याला आपले धर्मगुरू लाभण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागत नाही. तरीही शहरातील धर्मगुरूंना कोण नवे आले हे आपोआप कळत नाही. जुन्या प्रमुख धर्मगुरूंचे पत्र आणून पहिल्या महिन्यातच कार्यालयात कुटुंबाची नोंद करावी. बाप्तिस्म्याची मूळ नोंद ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तेथेच राहते, म्हणून बाप्तिस्मा व विवाहाचे नवे दाखले सोबत आणावेत.

घर निवडतानाच चर्च किती दूर आहे आणि मराठी मिस्सा कोठे व केव्हा असते, हे पाहावे. पुण्यात अनेक ठिकाणी मिस्सा इंग्रजीत होते. आयुष्यभर मराठीत प्रार्थना केलेल्या आजींना केवळ भाषेमुळे चर्चमध्ये परके वाटू शकते. लहान ख्रिस्ती समूहाच्या पुढाऱ्यांनी अशा घरी लवकर भेट द्यावी, त्यांना प्रार्थनेच्या बैठकीस न्यावे आणि पुढे एक बैठक त्यांच्याच घरी ठेवावी. चर्चला येणे शक्य नसेल, तर घरी ख्रिस्तशरीर आणण्याची विनंती करण्यास संकोच करू नये.

आणखी एक अवघड पण आवश्यक विषय आहे. मृत्यूनंतर कोठे विसावायचे? साधारणतः अंत्यविधी स्वतःच्या धर्मग्रामात होतो. परंतु कॅनन कायदा व्यक्तीला दुसरे चर्च व दुसरी दफनभूमी निवडण्याची मुभा देतो. शहरात जागा मर्यादित असते आणि प्रत्येक दफनभूमीचे नियम निराळे असतात. गावी आईवडिलांच्या शेजारीच माती मिळावी अशी इच्छा असेल, तर ती मुलांना आताच सांगावी. त्या कठीण प्रसंगी त्यांना अंदाज बांधावे लागणार नाहीत.

जुन्या धर्मग्रामाशी नातेही तोडू नये. ७५ वर्षांवरील नागरिकांना राज्य परिवहनच्या बसमधून २०२२ पासून विनामूल्य प्रवास करता येतो. वार्षिक सणाला जाऊन यावे आणि तेथील मित्रांना पुण्यास बोलवावे.

प्रेषितांच्या कृत्यांत अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याचा उल्लेख येतो. सम्राट क्लौद्यच्या हुकुमामुळे त्यांना इटली सोडून करिंथ येथे यावे लागले, पुढे ती इफिस येथे गेली. तंबू करण्याचा आपला व्यवसाय त्यांनी सोबत नेला, आणि त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीचा उल्लेख संत पौल आपल्या पत्रांत करतात. घरे बदलली तरी दार उघडून दुसऱ्यास आत घेण्याचा मान त्यांच्याकडेच राहिला. पुण्यास येणाऱ्या आपल्या आईवडिलांकडेही तो राहावा. सामान मुलांनी अवश्य उचलावे, पण घराची किल्ली आईच्या हाती द्यावी.