किनाऱ्यावरचा पहिला माणूस

ऑगस्ट २०२३च्या मध्याला कस्टम्सच्या माणसांनी दापोलीचा किनारा पायी तुडवून काढला. कर्दे, लाडघर, मुरुड, केळशी, कोळथरे, बुरोंडी आणि पुढे गुहागर तालुक्यातलं बोऱ्या. लाटांबरोबर चरसची पाकिटं येत होती, कुठे दहा-बारा किलो, कुठे शंभरच्या घरात. चार-पाच दिवसांत अडीचशे किलोच्या आसपास माल जमा झाला. बोऱ्याच्या दक्षिणेला जयगडची खाडी, आणि खाडी ओलांडली की मालगुंड, गणपतीपुळे. कायद्यानं एक किलोच्या वर चरस सापडला की शिक्षा किमान दहा वर्षं. इथे तो वाळूत बेवारस पडला होता.

ही पाकिटं कुठून आली याची चर्चा खूप झाली. मला त्या दिवसांत दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. या वेळी माल सरकारजमा झाला. याच कोकणपट्टीत तीस वर्षांपूर्वी तसं झालं नव्हतं, म्हणून त्या काळाकडे मागे वळून पाहायला हवं.

साठ-सत्तरच्या दशकांत इथल्या समुद्रातून सोनं यायचं आणि चांदी जायची. सोन्यावरची सरकारी बंधनं जितकी कडक झाली, तितका आखातातून येणाऱ्या गलबतांचा धंदा वाढला. १९७४ला तस्करीविरोधी कॉफेपोसा कायदा आला, आणीबाणीत हाजी मस्तानसारखे बडे तस्कर तुरुंगात गेले, पण उतरवून घेण्याची यंत्रणा शाबूत राहिली. रात्री मचवा कुठे लागणार, डोक्यावरून माल कोण वाहणार, ट्रक कोणत्या फाट्यावरून निघणार, कोणत्या चौकीला किती द्यायचे, हे सगळं ठरलेलं असे. १९९०मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला आणि सोन्यातला नफा आटू लागला. वाटा आणि माणसं मात्र तशीच होती. ज्या वाटेनं सोनं जातं, तिनं काहीही जाऊ शकतं.

९ जानेवारी १९९३ला श्रीवर्धन तालुक्यातल्या दिघीला शस्त्रांचा माल उतरला. ट्रक निघाले आणि गोंडघर फाट्यावर पोलिसांनी ते अडवले. म्हणजे खबर होती, नाकाबंदी होती, ट्रक हातात होते. पोलिसांनी जे करायला हवं ते इथपर्यंत सगळं झालं होतं. मग सौदा झाला. रोख रक्कम पुरेना, तेव्हा चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवल्या गेल्या आणि ट्रक सुटले. फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत बारा स्फोट झाले आणि २५७ माणसं मेली. पुढे फाट्यावर सौदा करणाऱ्या फौजदाराला जन्मठेप झाली. कस्टम्सचे अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापा यांनाही झाली.

या खटल्याबद्दल बोलताना आपण दाऊद आणि टायगर मेमन यांच्याबद्दल बोलतो. मला तो फाटा विसरता येत नाही. त्या रात्री तिथे एका माणसानं नाही म्हटलं असतं तर कटाची पहिली खेप तिथेच पकडली गेली असती, आणि तिच्या मागचे धागे दोन महिने आधी हाती लागले असते. एवढं मोठं काम क्वचितच एखाद्या फौजदाराच्या वाट्याला येतं.

नाही म्हणणारी माणसं नव्हती असं मात्र नाही. दीड-पावणेदोन वर्षं आधी, १६ मे १९९१ला, दक्षिण गोव्यात कोस्ताव फर्नांडिस नावाचा कस्टम्स अधिकारी सोन्याच्या खबरीवर एकटाच निघाला होता. त्यानं मोटारसायकलवरून गाडीचा पाठलाग केला. गाडीत आल्वेर्नाझ आलेमाव होते. त्यांचे भाऊ चर्चिल आलेमाव आदल्याच वर्षी काही दिवस गोव्याचे मुख्यमंत्री होते. गाडी थांबली, झटापट झाली, चाकू निघाला. फर्नांडिस जखमी झाला आणि त्याच झटापटीत आल्वेर्नाझ यांचा मृत्यू झाला.

पुढे जे घडलं ते नोकरीतल्या प्रत्येक तरुण अधिकाऱ्यानं वाचावं. फर्नांडिसला जीव वाचवण्यासाठी लपून राहावं लागलं. सीबीआयनं त्याच्यावर खुनाचा खटला भरला. ज्या सरकारसाठी त्यानं जीव धोक्यात घातला, तेच सरकार त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत होतं. खालच्या न्यायालयात दाद मिळाली नाही, मुंबई उच्च न्यायालयातही नाही. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं तो खटला मोडीत काढला. हे सगळं व्हायला वर्षं गेली. अशी वर्षं घरच्यांनाही भोगावी लागतात. पुढे त्याला राष्ट्रपतींचं पदक मिळालं आणि २०२५मध्ये त्याच्यावर हिंदी चित्रपटही आला.

दिघीचा सौदा झाला त्याच्या काही वर्षं आधी जगाच्या दुसऱ्या टोकाला एका पोलीस अधिकाऱ्यानं याच प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं होतं. कोलंबियातल्या मेदेयीन शहरात कोकेनचा बडा तस्कर पाब्लो एस्कोबार याला पकडण्यासाठी खास पथक उभं केलं होतं. त्याचे प्रमुख कर्नल उगो मार्तिनेझ. शहरातले पोलीस एस्कोबारच्या पैशावर जगत होते, म्हणून पथकात बाहेरगावची माणसं घेतली. त्यांना तिथले रस्तेही माहीत नव्हते. पहिल्या काही दिवसांतच त्यांतले कित्येक मारले गेले. मग मार्तिनेझकडे पोलीस दलातलाच एक जुना सहकारी निरोप घेऊन आला. साठ लाख डॉलर घ्या आणि शोध थांबवा, किंवा नुसता थांबवल्याचं दाखवा. नाही म्हणालात तर बायको-मुलं आहेतच. मार्तिनेझ नाही म्हणाले. १९९१मध्ये एस्कोबार सरकारशी तडजोड करून स्वतःच बांधलेल्या तुरुंगात जाऊन बसला. पुढच्या वर्षी तिथूनही निसटला, तेव्हा मार्तिनेझना परत बोलावलं गेलं. २ डिसेंबर १९९३ला मेदेयीनच्या एका घराच्या कौलांवर एस्कोबार गोळ्यांना बळी पडला. त्याच्या फोनचा माग काढणाऱ्या तुकडीत कर्नलचा मुलगा होता.

मार्तिनेझना मी संत मानत नाही. एस्कोबारच्या माणसांना वेचून मारणाऱ्या एका टोळीशी या पथकाचे लागेबांधे असल्याचे आरोप झाले आणि ते गंभीर आहेत. शिवाय एस्कोबार गेल्यानं कोकेन थांबलं नाही, धंदा काली शहरातल्या टोळीकडे गेला. त्या टोळीचे म्होरके, रोद्रिगेझ ओरेहुएला बंधू, १९९५मध्ये पकडले गेले. त्यांच्यामागे लागलेले जनरल सेर्रानो यांनी आधी स्वतःच्या दलाकडे पाहिलं आणि हजारो भ्रष्ट पोलिसांना घरी पाठवलं. मोठ्या तस्कराचा पाठलाग आपल्या चौकीपासून सुरू होतो हे त्यांना कळलं होतं. एकट्या शूर माणसाच्या खांद्यावर सगळं टाकून देश मोकळा होऊ शकत नाही.

आपण काय केलं? १९९३नंतर नौदल आणि तटरक्षक दलाची संयुक्त गस्त सुरू झाली. तरीही २००८च्या नोव्हेंबरात कसाब आणि त्याचे साथीदार समुद्रातूनच मुंबईत आले. मग सागरी पोलीस ठाणी वाढली, गस्तीच्या नौका आल्या, गावोगावच्या सागर रक्षक दलांना पुन्हा जाग आली, दरवर्षी 'सागर कवच'चा सराव होऊ लागला. महाराष्ट्राचा किनारा जुन्या मोजणीनुसार ७२० किलोमीटर. त्यातल्या गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी पोलिसाचा दिवस वाहनांच्या रांगा, अंगारकीची गर्दी आणि भरतीच्या वेळी पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकांना बाहेर काढण्यात जातो. रात्री त्याच माणसानं समुद्रावर नजर ठेवायची, ही अपेक्षा आपण सहज करतो. त्याला माणसं आणि चालू स्थितीतली नौका देणं सरकारचं काम आहे, आणि ते मागणं आपलं.

आता माल समुद्रातूनच येतो असंही राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यावर छापा घातला आणि मेफेड्रोन या अमली पदार्थाचा प्रचंड साठा पकडला. औषधाच्या नावाखाली चालणाऱ्या कारखान्यात माल तयार होत असेल तर नाही म्हणायची वेळ फाट्यावरच्या फौजदाराबरोबर कारखाना तपासणाऱ्यावर, रसायन पुरवणाऱ्यावर आणि टेम्पो चालवणाऱ्यावरही येते. आपल्या कोकणातही औद्योगिक वसाहती आहेत, तेव्हा हा विषय फक्त घाटावरचा नाही.

दापोलीच्या त्या पाकिटांबद्दल माझं मत सरळ आहे. ती शोधून जमा करणाऱ्यांची कुणी मिरवणूक काढली नाही, त्यांच्यावर चित्रपट येणार नाही, पण १९९३मध्ये गोंडघरला जे व्हायला हवं होतं ते काम त्यांनी केलं. असं काम करणाऱ्यावर उद्या कुणी खोटा खटला भरला, त्याची बदली केली, तर गावानं त्याच्या बाजूनं उभं राहायला हवं. फर्नांडिसच्या वेळी तसं पुरेसं घडलं नाही.

आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या, होड्या घालणाऱ्या, सकाळी वाळूत फिरणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. बेवारस पाकीट, पिंप किंवा अनोळखी नौका दिसली तर हात लावू नका, फोटो फिरवत बसू नका. सागरी पोलिसांचा १०९३, तटरक्षक दलाचा १५५४, अमली पदार्थांबद्दल कळवण्यासाठी १९३३, आणि काहीच आठवलं नाही तर ११२. हे चार आकडे होडीत, दुकानात, घरात दिसतील असे लिहून ठेवा.