बादल सरकार : परदेशातील लेखन ते तिसरी रंगभूमी

कोलकात्याचे नाटककार बादल सरकार (१९२५-२०११) हे व्यवसायाने नगररचनाकार होते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये शिकत असताना त्यांनी प्रेक्षकांनी चहूबाजूंनी वेढलेला रंगमंच पाहिला. पुढे नोकरीनिमित्त नायजेरियात वास्तव्य असताना 'बाकी इतिहास'सह काही नाटके त्यांनी बंगालीतच लिहिली. मायदेशीच्या रंगभूमीपासून दूर राहूनही त्यांचे लेखन खंडित झाले नाही. नाटक प्रेक्षकांच्या निकट नेण्याचे कार्य मात्र कोलकात्यातच शक्य होते. १९६७ मध्ये त्यांनी 'शताब्दी' ही नाट्यसंस्था स्थापन केली. १९७० च्या दशकात पडदा, नेपथ्य व तिकीटखिडकी यांचा त्याग करून त्यांनी उद्याने व खेड्यांत प्रयोग केले. हीच त्यांची 'तिसरी रंगभूमी' होय. त्यांचे 'मिछिल' हे नाटक 'जुलूस' या नावाने मराठी प्रेक्षकांपर्यंतही पोहोचले.